एरिया ५१ : नकाशावर नसलेला विमानतळ

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

दिवाळीच्या सुटीत मामांकडे गेले होते. मामांचे गाव ओझरपासून सायकलीच्या अंतरावर. आमच्या लहानपणच्या साऱ्या सुट्या तिथे गेल्या, त्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजासकट. बागेत माणसे बोलत असायची, मध्येच आवाज यायचा, सगळे गप्प व्हायचे. आवाज विरला की वाक्य जिथे तुटले तिथून पुन्हा सुरू. मामा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला आपल्या हवाई दलाने ‘मिग-२१’ विमानांना अखेरचा निरोप दिला, तेव्हा मामा दिवसभर टीव्हीसमोरून हलले नाहीत, असे मामी सांगत होत्या.

जेवताना मी सहज म्हटले, “मामा, तुमचं मिग अमेरिकेनं वाळवंटात लपवून उडवून पाहिलं होतं. १९६८ साली.”

मामांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे पाहिले. “रशियाचं विमान, आणि ते अमेरिका उडवणार? काहीतरी वाचत असतेस, पोरी.”

वाचलेले मला अर्धवटच आठवत होते, त्यामुळे पटवून देता येईना. सुटी संपल्यावर ही गोष्ट आमच्या सरांना सांगितली, तर त्यांनी इतिहासाच्या शिक्षकाचा ठरलेला प्रश्न विचारला : “कागद कुठे आहे?” इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून दप्तरे धुंडाळत फिरले. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना बहुधा त्यांची किंमत ठाऊक नव्हती. इथे प्रकार उलटा. कागद तिजोरीत, त्यांची किंमत पुरती ठाऊक, आणि म्हणूनच त्यांवर काळी शाई फासलेली. अशा जागेचा इतिहास कसा लिहिला गेला, याचा शोध घेता घेता माझे दोन महिने गेले. कला शाखेच्या मुलीने विमानांवर लिहिणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटो. हा विषय विमानांचा जेवढा आहे, तेवढाच कागदांचाही आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेवाडा राज्यात, लास व्हेगास या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराच्या उत्तरेस साधारण १३० किलोमीटरवर ग्रूम लेक नावाचे तळे आहे. तळे हे नावापुरतेच. पाणी केव्हाच आटलेले; खाली उरला आहे तो क्षार आणि चिकणमाती यांचा कडक, परातीसारखा सपाट थर. भोवती उघडे डोंगर. विमान उतरवायला याहून सोयीची आणि माणसांच्या नजरेस याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही.

ती शोधली गेली १९५५ च्या एप्रिल महिन्यात. शीतयुद्धाचे ते दिवस. रशियाकडे किती बॉम्बफेकी विमाने आहेत, क्षेपणास्त्रांची तयारी कुठवर आली आहे, हे अमेरिकेला कळायला मार्ग नव्हता. तेव्हा विमानवेधी तोफा आणि लढाऊ विमाने पोहोचूच शकणार नाहीत इतक्या उंचीवरून उडणारे व खालची छायाचित्रे घेणारे विमान बांधावे, या योजनेस अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नोव्हेंबर १९५४ मध्ये मान्यता दिली. काम हवाई दलाकडे न देता सी.आय.ए. या हेरखात्याकडे दिले. खात्यातर्फे सूत्रे होती रिचर्ड बिसेल यांच्याकडे आणि विमान बांधणार होते लॉकहीड कंपनीचे अभियंते केली जॉन्सन. पैशाचा व्यवहारही गुप्त. सुमारे साडेबारा लाख डॉलरचा धनादेश जॉन्सन यांच्या घरच्या पत्त्यावर साध्या टपालाने गेला! पोस्टमनला काय कल्पना असणार?

बिसेल, जॉन्सन, हवाई दलाचे कर्नल रिटलंड आणि चाचणी वैमानिक टोनी लव्हिएर असे चौघे एका लहान विमानातून जागा पाहत हिंडले. महायुद्धाच्या काळातली एक सोडून दिलेली धावपट्टी त्या भागात असल्याचे रिटलंड यांना आठवत होते. ती सापडली, पण कामाची नव्हती. मात्र शेजारचे कोरडे तळे पाहताच सर्वांचे एकमत झाले. आणखी एक सोय होती. लगतच अणुस्फोटांच्या चाचण्यांचे सरकारी क्षेत्र होते. तिकडे तशीही कुणाला फिरकू देत नसत. हे तळे त्याच क्षेत्राला जोडले की काम भागले. अणुऊर्जा आयोगाच्या नकाशावर चाचणीक्षेत्राचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिलेले होते. या चौकोनाचा क्रमांक ५१. जगभर गूढ होऊन बसलेल्या नावाचा उगम हा असा, एखाद्या गट नंबरासारखा. जॉन्सन यांनी मात्र कामगारांना भुरळ पडावी म्हणून त्या रखरखाटाला ‘पॅराडाइज रँच’ असे नाव दिले होते. मराठीत सांगायचे तर स्वर्गाची वाडी.

तीन महिन्यांत धावपट्टी, विहीर, हँगर आणि राहायच्या खोल्या उभ्या राहिल्या. जुलैच्या अखेरीस ‘यू-२’ हे विमान सुट्या भागांत, मोठ्या मालवाहू विमानाच्या पोटात बसून आले. त्याचे पंख ग्लायडरसारखे लांबलचक, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८० फूट. आणि वजन कमीत कमी. १ ऑगस्टला ते नुसते धावपट्टीवरून पळवून पाहायचे होते, पण पंखांनी इतका सहज आधार घेतला की लव्हिएर यांना कळायच्या आत ते जमिनीवरून उचलले गेले. ४ ऑगस्टला ठरवून उड्डाण केले, तर विमान खाली उतरेचना. चाके टेकली की उसळी मारून पुन्हा वर. पाचसहा प्रयत्नांनंतर एकदाचे टेकले.

सत्तर हजार फुटांवर, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून अधिक उंचीवर, हवेचा दाब इतका कमी असतो की साधे विमानाचे इंधन वाफ होऊन उडून जाते. त्यासाठी शेल कंपनीने खास इंधन तयार केले. त्याला लागणारे पदार्थ तीच कंपनी ‘फ्लिट’ या कीटकनाशकासाठी वापरत असे. परिणामी १९५५ साली अमेरिकेत फ्लिटची टंचाई झाली. डास मारायचा पंप हातात घेऊन दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या गृहिणीला त्या टंचाईचे कारण सांगणे कुणालाच शक्य नव्हते. आजीच्या घरचा फ्लिटचा पंप मी पाहिलेला आहे, म्हणून ही हकिगत मला फार आवडली.

दुसरी हकिगत हसण्यासारखी नाही. तळावर काम करणारे अभियंते आणि तंत्रज्ञ कॅलिफोर्नियातील बरबँकहून विमानाने ये-जा करीत. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी हिमवादळात त्यांचे विमान लास व्हेगासजवळच्या माउंट चार्ल्सटन या डोंगराच्या माथ्याजवळ आदळले. १४ जण होते, १४ ही गेले. ते कुठे निघाले होते, कशासाठी निघाले होते, हे घरच्यांना सांगितले गेले नाही. वडील काय काम करीत होते हे ठाऊक नसताना त्या घरांतली मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली. १९९० च्या दशकाच्या शेवटी कागद खुले झाले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळाने.

त्याच सुमारास उडत्या तबकड्यांच्या बातम्या वाढल्या. त्या वेळची प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून उडत. खाली अंधार पडलेला असताना साठ-सत्तर हजार फुटांवर अजून ऊन असते. त्या उन्हात यू-२ चे रुपेरी पंख चमकत, आणि खालच्या विमानातल्या वैमानिकाला आकाशात जळता गोळा दिसल्याचा भास होई. माणूस इतक्या उंचीवर पोहोचू शकतो हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. तक्रारी हवाई दलाकडे जात. तेथील तपासनीस यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदी पडताळून मनात समजून घेत आणि तक्रारदाराला बर्फाचे स्फटिक किंवा हवेतील फरक असे काहीतरी कारण कळवीत. १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चे दशक यांतील निम्म्याहून अधिक तबकड्या या गुप्त विमानांच्याच होत्या, असे सी.आय.ए. च्या इतिहासलेखकाने १९९७ मध्ये लिहिले. हे प्रमाण सर्वांना मान्य नाही. मलाही ते जरा सोयीचे वाटते. पण खरे ठाऊक असलेल्या सरकारनेच खोटी कारणे दिली, ही त्यातली कबुली महत्त्वाची आहे.

१ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेले एक यू-२ रशियाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले. अमेरिकेने ठरलेली थाप मारली, की ते हवामानाचा अभ्यास करणारे विमान होते व वाट चुकले. वैमानिक मेला असणार हे त्यांनी गृहीत धरले होते. रशियाने गॅरी पॉवर्स या वैमानिकाला जिवंत जगापुढे उभे केले तेव्हा अमेरिकेची पंचाईत झाली.

आता या गोष्टीत आपणही येतो. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सीमेवर चीनची हालचाल काय आहे हे जाणून घेण्याची आपल्याला निकड होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी यू-२ विमानांना सीमाभागावरून उडण्याची परवानगी दिली. पुढे ओडिशात कटकजवळच्या चारबाटिया या जुन्या विमानतळाचा वापर करू देण्याचेही ठरले. तिथून पहिले उड्डाण झाले २४ मे १९६४ रोजी. तीनच दिवसांनी नेहरूंचे निधन झाले व मोहीम थांबली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती पुन्हा झाली. १९६७ मध्ये हा अध्याय संपला. या काळात बराच वेळ आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य ऐकत आपण वाढलो. त्या हिमालयावरून सत्तर हजार फुटांवर ग्रूम लेकला जन्मलेले विमान फिरत होते, हे सी.आय.ए. च्या कागदांतून अधिकृतपणे वाचायला मिळाले ते २०१३ मध्ये.

पॉवर्सच्या प्रकरणाने नुसत्या उंचीचा भरवसा संपला. त्याआधीच जॉन्सन दुसऱ्या विमानाच्या मागे लागले होते : उंचही आणि आवाजाच्या तिप्पट वेगाचेही. त्याचे गुप्त नाव ‘ऑक्सकार्ट’, म्हणजे बैलगाडी! (या हेरखात्यात कुणी विनोदी माणूस असला पाहिजे.) विमान होते ए-१२. एवढ्या वेगाने हवा घासून पत्रा इतका तापतो की ॲल्युमिनियमचा टिकाव लागत नाही. म्हणून सारा सांगाडा टायटॅनियमचा. ते अमेरिकेत पुरेसे मिळेना. जगात मुबलक होते ते रशियात. मग तिसऱ्याच देशांतील मध्यस्थ आणि नावापुरत्या कंपन्या उभ्या करून रशियाकडूनच ते विकत घेतले, आणि रशियावर पाळत ठेवायचे विमान त्यातून बांधले.

टायटॅनियमचे लाड फार. उन्हाळ्यात जोडलेले काही भाग लवकर निकामी होत, हिवाळ्यात जोडलेले टिकत. कारण सापडेना. शेवटी कळले, की उन्हाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून नगरपालिका पाण्यात क्लोरिन अधिक घालते आणि भाग धुताना तोच क्लोरिन धातूला बाधतो. हे मामांना मी फोनवर सांगितले, तेव्हा मात्र ते खूश झाले. “बघ, पाण्यानं घोटाळा केला. आणि साहेब लोक वेल्डरला बोल लावत असतील,” म्हणाले.

ए-१२ चे अधिकृत पहिले उड्डाण एप्रिल १९६२ अखेरीस ग्रूम लेकवरूनच झाले. तळ आता मोठा झाला होता. साडेआठ हजार फुटांची नवी धावपट्टी आली होती. रशियाचे उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळा माहीत असत. तेवढ्या वेळापुरती विमाने हँगरमध्ये ढकलायची आणि उपग्रह गेला की पुन्हा बाहेर काढायची, हे तिथल्या माणसांचे रोजचेच काम. मे १९६३ मध्ये एक ए-१२ युटा राज्यात कोसळले. वैमानिक हवाईछत्रीने सुखरूप उतरला. तेवढ्यात एका छोट्या ट्रकमधून तीन जण तिथे आले व त्याला विमानापर्यंत सोडतो म्हणाले. त्याने सांगितले, की ते एफ-१०५ विमान आहे आणि त्यात अणुबॉम्ब आहे. ट्रकवाल्यांनी मग विमानाकडे न जाता गाडी उलट दिशेला पळवली, हे सांगायला नकोच. वर्तमानपत्रांतही एफ-१०५ च छापून आले.

आणि आता मामांचे मिग. १९६६ च्या ऑगस्टमध्ये मुनीर रेद्फा हा इराकी वैमानिक आपले मिग-२१ घेऊन इस्राएलमध्ये उतरला. इस्राएलने ते विमान १९६८ च्या आरंभी अमेरिकेला चाचणीसाठी उसने दिले. व्हिएतनामच्या आकाशात अमेरिकन विमाने याच जातीच्या मिगशी झुंजत होती, म्हणून ते हाती येणे म्हणजे शत्रूची तलवार घरी आणून तिची धार तपासण्यासारखे होते. ग्रूम लेकवर अमेरिकेच्या खुणा रंगवून ते उडवले, आपल्या विमानांशी खोट्या लढाया लावल्या. लहान आकारामुळे ते दुरून चटकन दिसत नाही. मात्र त्यातल्या वैमानिकाला मागचे नीट दिसत नाही. खालच्या थरात त्याचा वेग मार खातो. अशी टिपणे निघाली, आणि त्यांचा उपयोग वैमानिकांच्या प्रशिक्षणात झाला.

ज्या वर्षांत नेवाडाच्या वाळवंटात हे चालले होते, त्याच वर्षांत आपल्या ओझरला मिग-२१ बांधली जाऊ लागली होती. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, आतली उपकरणे हैदराबादला. सहाशेहून अधिक मिग-२१ या देशात बांधली गेली. आपल्या माणसांच्या हातून जे उघडपणे, भोंग्याच्या वेळेवर होत होते, तेच तिकडे डोंगराआड लपवून चालले होते. आणखी एक गंमत. १९७१ च्या युद्धात आपल्या मिग-२१ नी पाकिस्तानची एफ-१०४ विमाने पाडली. त्या एफ-१०४ चे रचनाकार हेच केली जॉन्सन.

वेगाचाही भरवसा उरणार नाही अशी क्षेपणास्त्रे आल्यावर प्रश्न बदलला : रडारला दिसायचेच नाही, हे जमेल का? लहानपणी आरशाने कवडसे पाडायचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. आरसा नेमका आपल्याकडे तोंड करून असेल तरच डोळ्यांवर तिरीप येते. जरासा कलला की ती भलतीकडे जाते. रडारच्या लहरींचे तेच. विमानाचा पृष्ठभाग लहान-लहान सपाट पैलूंचा केला आणि प्रत्येक पैलू रडारपासून कलता ठेवला, तर परतणारी लहर भलतीकडे जाईल. या लहरींचे गणित मांडले होते प्योतर उफिमत्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, १९६२ मध्ये, आणि ते रीतसर छापलेलेही होते. अमेरिकेच्या हवाई दलाने त्याचा अनुवाद करून घेतला. लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी तो वाचला आणि त्याचे मोल ओळखले. टायटॅनियमनंतर गणितही रशियाचेच! १ डिसेंबर १९७७ रोजी ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान ग्रूम लेकवरून उडाले. त्यातून घडलेले एफ-११७ जून १९८१ मध्ये तिथेच प्रथम उडाले. सरकारने ते मान्य केले नोव्हेंबर १९८८ मध्ये.

आता तो प्रश्न, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हे सारे कुणापासून लपवले जात होते? रशियाच्या उपग्रहांनी तळ वारंवार टिपला होता. २००० साली तर रशियन उपग्रहाने काढलेली ग्रूम लेकची छायाचित्रे कुणालाही विकत मिळू लागली. धावपट्ट्या, हँगर, टाक्या, सर्व काही स्पष्ट. याच्या उलट, १९७४ मध्ये अमेरिकेच्याच स्कायलॅबमधील अंतराळवीरांनी चुकून या जागेचे छायाचित्र घेतले, तर ते आपल्या लोकांना दाखवावे की दडवावे यावर सरकारी खात्यांत वाद माजला. १९८४ मध्ये तळाच्या बाजूच्या डोंगरांची सुमारे ८९ हजार एकर सार्वजनिक जमीन लोकांना बंद करण्यात आली. कायद्याची मंजुरी येण्याआधीच पहारेकरी लोकांना अडवू लागले होते. संसदेच्या समितीपुढे याचे कारण विचारले, तेव्हा हवाई दलाच्या अधिकाऱ्याला कायदेशीर आधार दाखवता आला नाही. निर्णय आपल्याहून वरच्या पातळीवर झाला, एवढेच तो सांगू शकला. तरीही दोन टेकड्या मोकळ्या राहिल्या, तिथून हौशी लोक दुर्बिणीने तळ पाहत. १९९५ मध्ये त्याही बंद झाल्या.

जिथे बोलायला मनाई, तिथे अफवांना सुगी. १९८९ मध्ये बॉब लझार नावाच्या माणसाने लास व्हेगासच्या टीव्हीवर सांगितले, की या तळाजवळ परग्रहावरची याने ठेवलेली आहेत व आपण त्यांवर काम केले आहे. आधार काहीच देता आला नाही, पण पुढे चित्रपट निघाले, मालिका निघाल्या, शेजारच्या रस्त्याला नेवाडा राज्याने १९९६ मध्ये ‘परग्रहवासीयांचा महामार्ग’ असे नावही देऊन टाकले. २०१९ मध्ये फेसबुकवर कुणीतरी थट्टेने तळावर चालून जाण्याची हाक दिली, तेव्हा वीस लाखांहून अधिक लोकांनी येतो म्हणून कळवले. प्रत्यक्षात काही हजार आले, गाणी म्हटली, फोटो काढले आणि परत गेले. यावर मी अधिक लिहीत नाही. आपल्या वसतिगृहात यावर पुरेशी चर्चा होत असते.

ज्यावर चर्चा होत नाही तो एक खटला आहे. १९९४ मध्ये तळावर काम केलेल्या काही कामगारांनी आणि एका कामगाराच्या विधवेने न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी आणखी एका कामगाराचे निधन झाले व त्याचीही पत्नी विधवा म्हणून या लढ्यात उरली. त्यांचे म्हणणे असे : तळावर लांबच लांब उघडे खड्डे खणलेले होते. त्यांत रसायनांची पिंपे व विमानांच्या लेपांचा टाकाऊ माल टाकून, वर इंधन ओतून तो पेटवून देत. त्या धुरात कामगार उभे असत. अंगाची कातडी खवल्यांसारखी होऊन तिला भेगा पडत, खोकला थांबत नसे. डॉक्टरला विचारले तर तो विचारणार, कोणत्या रसायनाशी संबंध आला? ते सांगायची सोय नाही. गुप्ततेच्या शपथेवर सही केलेली. त्यांनी पैसे मागितले नव्हते. काय जाळले ते कळावे, उपचार करता यावेत आणि जाळणे थांबावे, एवढीच मागणी होती. सूड उगवला जाईल या भीतीने कामगारांनी खटल्यात खरी नावेही लावली नव्हती.

त्यांचे वकील होते जोनाथन टर्ली, कायद्याचे प्राध्यापक. सरकारी पक्षाची भूमिका वाचताना माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जागेचे नाव सांगायला नकार. तिथे काय आहे ते सांगायला नकार. टर्लींनी तळाच्या सुरक्षाव्यवस्थेची एक पुस्तिका पुराव्यात द्यायची ठरवली. ती आधीच अनेकांच्या हाती फिरत होती. सरकारने ती मागाहून गुप्त ठरवली, आणि ती टर्लींच्या कचेरीत आहे म्हणून विद्यापीठातली त्यांची कचेरीच गुप्त जागा ठरवून बंद करून टाकली! न्यायाधीशांच्या आग्रहामुळे पर्यावरण खात्याने तळाची तपासणी केली खरी. तिचा अहवाल मात्र कामगारांना दाखवला नाही. २९ सप्टेंबर १९९५ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला, की ‘नेवाडातील ग्रूम लेकनजीकचे हवाई दलाचे कार्यस्थळ’ हे घातक कचऱ्याच्या कायद्यांतील अशा तरतुदींपासून मुक्त असेल, ज्यांमुळे गुप्त माहिती उघड करावी लागेल. लक्षात घ्या, या आदेशात जागेचा उल्लेख करावाच लागला. म्हणजे ती जागा अस्तित्वात आहे असे सरकारने लिहून दिले, ते नेमके तिथल्या कामगारांना उत्तर नाकारताना. १९९८ मध्ये वरच्या न्यायालयाने खटला काढून टाकला व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दखल घेण्यास नकार दिला. क्लिंटन यांचा आदेश मात्र पुढच्या अध्यक्षांनीही वर्षानुवर्षे नव्याने सही करून चालू ठेवला.

मला हे कबूल केले पाहिजे, की देशाच्या संरक्षणात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात हे मला मान्य आहे. यू-२ चे छायाचित्र नसते तर १९६२ मध्ये क्यूबातली क्षेपणास्त्रे वेळीच दिसली नसती. पण विमानाचा आकार लपवणे वेगळे आणि फुप्फुसात काय गेले ते लपवणे वेगळे. दोन्हींवर एकच शिक्का मारता येतो, हेच मला भयंकर वाटले. आमच्या वर्गात यावर वाद झाला. माझ्या एका मैत्रिणीचे वडील सैन्यात आहेत, तिला माझे म्हणणे पटले नाही. तिचे म्हणणे असे, की एकदा दार किलकिले केले की ते कुठवर उघडायचे हे कोण ठरवणार? तिच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरे उत्तर नाही.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सापडले. सी.आय.ए. ने यू-२ व ऑक्सकार्ट यांचा इतिहास ग्रेगरी पेडलो आणि डोनाल्ड वेल्झनबाख या दोघांकडून लिहवून घेतला होता, १९९२ मध्ये, स्वतःच्या वापरासाठी. १९९८ मध्ये त्याचा काही भाग खुला झाला, तोही ठिकठिकाणी खोडलेला. जेफ्री रिचेल्सन या अभ्यासकाने २००५ मध्ये माहितीच्या कायद्याखाली पुन्हा अर्ज केला. आठ वर्षांनी, २०१३ च्या उन्हाळ्यात, जवळजवळ पूर्ण मजकूर हाती आला. त्यात ‘एरिया ५१’ हे शब्द होते आणि नकाशाही होता. चारबाटियाची हकिगत त्यातलीच. राजवाड्यांनी पायपीट केली. रिचेल्सन यांनी अर्ज करून वाट पाहिली.

मार्चमध्ये पुन्हा मामांकडे गेले ती कागद घेऊनच. अमेरिकेच्या खुणा रंगवलेल्या मिगचे छायाचित्र मामांनी चष्मा लावून, खिडकीजवळ जाऊन बराच वेळ पाहिले. “आपलंच आहे,” म्हणाले. “जुनं मॉडेल. आणि मागचं दिसत नाही लिहिलंय ते खरं आहे. वैमानिक कुरकुरायचेच.”

मग मी त्यांना खड्ड्यांची आणि खटल्याची गोष्ट सांगितली. मामांनी आयुष्यभर रिव्हेट, रंग, रसायने यांत काम केलेले. त्यांनी विमानाविषयी पुढे काही विचारले नाही.

“तळ चालू आहे अजून?”

“चालू आहे. लास व्हेगासच्या विमानतळावरून पांढरी विमानं सुटतात, लाल पट्ट्याची. कंपनीचं नाव नसतं वर. त्यातून माणसं कामाला जातात आणि परत येतात.”

“म्हणजे पाळीला जातात,” मामा म्हणाले, आणि छायाचित्र घडी न घालता कपाटावर ठेवून दिले.